सहा ग्रॅमचं फळ

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलाही नसेल. आता जिकडे तिकडे आकडे उजळणारी यंत्रं आली आहेत. मी त्यांच्या आजोबांच्या काळातला आहे. पितळेची दांडी, दोन पारडी, मधोमध एक बारीक काटा आणि राहायला काचेची पेटी, असा मी एक जुना तराजू. आज माझी एक काच तडकली आहे आणि डाव्या पारड्यात कोणीतरी गंजके स्क्रू टाकून ठेवले आहेत. पण त्याची तक्रार करायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना माझी मलाच लाज वाटणार आहे.

मला घडवणारा कारागीर महातापट होता. कोणी शिंकलं तरी खेकसायचा. माझी दांडी घासताना मात्र तो श्वासही बेताने घ्यायचा. सगळं जुळून आल्यावर त्याने डोक्यावरचा एक केस उपटला, माझ्या उजव्या पारड्यात ठेवला आणि माझा काटा रेघभर सरकला. "झालं," तो म्हणाला. "हा आता कोणाच्या बापाला भिणार नाही."

तिथून मी एका औषधांच्या दुकानात गेलो. एकतीस वर्षं मी तिथे कडू, पांढऱ्या, नाकात गेल्या की ठसका लावणाऱ्या पुड्या तोलल्या. दुकानदार गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, "एक वेळ माझा हात चुकेल, हा चुकायचा नाही." रोज उठून हेच ऐकल्यावर कोणीही शेफारेल. मीही शेफारलो. मग दुकानात बटणांचं यंत्र आलं. माझी दांडी जरा अडखळते म्हणून मला दुरुस्तीला पाठवलं आणि परत न्यायला कोणी आलंच नाही.

दुरुस्ती करणाऱ्याला सगळी गल्ली 'काटेवाला' म्हणायची. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत तराजूंचं काम चाले. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून झोपायची खोली आणि खिडकीबाहेर दोन खाटा मावतील एवढं अंगण. माझी दांडी त्याने दोन दिवसांत सुरळीत केली. मालक येईना, तेव्हा त्याने मला खिडकीपाशीच्या टेबलावर मानाची जागा दिली. तिथून मला घर आणि अंगण दोन्ही दिसायचं. रोज सकाळी तो मऊ कुंचल्याने माझी पारडी झाडायचा. माझ्यावर त्याचा फार जीव होता.

त्याचा मोजल्याशिवाय कशावर विश्वासच नसे. बायकोने विचारलं, "चहात साखर जास्त झाली का हो?" की तो उलट विचारायचा, "किती चमचे घातलीस?" ती कपाळाला हात लावायची. "यांची जीभपण पितळेची आहे," ती शेजारणीला सांगायची. ती स्वतः एका रोपवाटिकेत कामाला होती. तिच्या नखांत कायम माती असायची आणि बोलण्यात कायम कोणाची तरी फिरकी.

त्यांना एकच मुलगी. जन्मली तेव्हा इतकी हलकी होती, की बापाने तिला मुंगी म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. तिचा दुधाचा पहिला दात पडला तेव्हा तो माझ्याच पारड्यात आला. "तीनशे दहा मिलिग्रॅम!" काटेवाल्याने असं जाहीर केलं, जसं काही शर्यतच जिंकली होती. मुंगी महिनाभर सगळ्यांना तो आकडा सांगत फिरत होती.

नवव्या वर्षी मुंगी आजारी पडली. रक्ताचं दुखणं होतं. औषधं अशी जहाल, की केस गेले, झोप गेली आणि तोंडाची चवही गेली. "काहीही खाल्लं तरी खिळा चोखल्यासारखं लागतं गं आई," ती म्हणायची आणि ताट सरकवायची. डॉक्टरीणबाईंनी आईबापांना समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. तिला जे रुचेल ते खाऊ द्या आणि तिचं वजन उतरू देऊ नका, उतरलं तर पुढची औषधं सोसणार नाहीत. आईने यातली पहिली गोष्ट मनात धरली. बापाने दुसरी.

एके दिवशी आईने रोपवाटिकेतून डब्याच्या झाकणात मूठभर स्ट्रॉबेरी आणल्या. चारपाच वाफ्यांतल्या, एकात एक मिसळलेल्या. मुंगीने नाइलाजाने एक चावली, दुसरी चावली आणि तिसरीला ती थांबली. "आई, हिला वास आहे," ती म्हणाली. देठाचं हिरवं पान तेवढं टाकून तिने ते फळ संपवलं आणि अजून मागितलं. तिने आपणहून काही मागितलं होतं त्याला कित्येक आठवडे झाले होते. पण ते फळ कुठल्या वाफ्यातलं होतं, हे आईलाही सांगता येईना.

मग आईने घरच्या अंगणात लावता येतील अशा चार जातींची सहा सहा रोपं आणली. पत्र्याच्या पट्ट्यांवर एक ते चार आकडे रंगवून ओळींच्या टोकाला खोचले. बेत साधा होता. या हंगामात चारही जाती चाखायच्या, मुंगीला कुठली रुचते ते बघायचं आणि पुढच्या हंगामासाठी सगळा वाफा त्याच जातीने भरायचा.

मित्रांनो, स्ट्रॉबेरी म्हणजे स्ट्रॉबेरी असं मला वाटायचं. तसं नसतं. एक नंबरची फळं लिंबाएवढी, कडक, चकचकीत, एकेक तीस ग्रॅमचं. दोन नंबर लांबट, ढिगाने येणारी आणि आंबटढाण. चार नंबरची फळं थोडी थोडी पण बरेच महिने येत राहायची, रंगाला फिकी. आणि तीन नंबर बोटाच्या पेराएवढी बारकी. सहा ग्रॅम, फार तर सात. इतकी मऊ, की चिमट्यात धरली तर वळ उठायचा. मला वास येत नाही. पण ती ओळ पिकली, की दुपारच्या उन्हात दुरुस्तीला आलेली माणसं बोलता बोलता थांबायची आणि विचारायची, "इथे अत्तर सांडलंय का हो?" काटेवाला म्हणायचा, "मशीनचं तेल असेल."

"अहो, वजनावर जाऊ नका," आई त्याला सांगायची. "मोठी, टणक फळं दुकानदारांना लागतात. त्यांना ती ट्रकात घालून लांब न्यायची असतात. आपलं फळ वाफ्यातून ताटलीत यायचं, त्याला कसला आलाय प्रवास? घरी लावायची तर चवीची लावावी. मला तर तीन नंबर वाटते. तुम्ही एकदा चाखून तरी बघा."

"तिच्या तोंडचं मी खाऊ?" तो एकदम दुखावून म्हणाला. "एकेक फळ तिच्यासाठी आहे."

खरोखरच त्याने त्या हंगामात एकही फळ तोंडात घातलं नाही. गळून पडलेलंसुद्धा नाही. त्याच्या मायेत मला कधी खोट दिसली नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आई सकाळीच कामावर जायची. दिवसभर मुंगीची खाट पुढच्या खोलीत माझ्याशेजारी असायची. काटेवाला फळं तोडून आणायचा, ओळीप्रमाणे वेगवेगळ्या ताटल्यांत ठेवायचा आणि प्रत्येक ताटली आधी माझ्यावर तोलायचा. मुंगीचं खाऊन झालं, की ताटली पुन्हा माझ्यावर. वजा करून किती ग्रॅम पोटात गेलं ते कळायचं. "एक नंबर, सत्तावन्न ग्रॅम," तो खुश होऊन म्हणायचा. "तीन नंबर, अठरा." जास्त पाणी दिलं की फळ जड होतं, हेही त्याच्या लक्षात आलं. मग तो दोन्ही वेळा पाणी घालायला लागला. पिकत्या फळाला फार पाणी पाजलं की चव पातळ होते, असं आई म्हणायची, पण ते माझ्या काट्यावर दिसत नव्हतं. मी पाण्यालाही फळाचं वजन म्हणून मोजत होतो आणि काटेवाला माझी पाठ थोपटत होता.

"आवडली?" तो मुंगीला विचारायचा.

"छान आहे बाबा."

"आणि ही?"

"तीपण छान आहे."

तो हात धुवायला आत गेला की काय व्हायचं, ते फक्त मला ठाऊक. माझ्या पेटीच्या मागे सुट्या भागांसाठी एक खण होता. वर्षावर्षात कोणी उघडायचं नाही. मुंगी लहानपणी त्यात गोट्या लपवायची. आता तोंडातला घास ती हळूच हातात काढायची, उशीखालचे दोनतीन तुकडेही गोळा करायची आणि एक, दोन, चार नंबरची ती फळं त्या खणात ढकलायची. खरोखर खायची ती फक्त तीन नंबरची. ती मात्र बोटं चाटून. "सांगू नकोस हं," ती मला म्हणायची आणि काचेवर बोट टेकवायची.

मला सांगता येत असतं तर! बाप परत यायचा, रिकामी ताटली माझ्यावर ठेवायचा आणि मी अचूक आकडा दाखवायचो. एकदाही चुकलो नाही. आणि प्रत्येक वेळी त्याची फसवणूक झाली.

हंगाम सरला. मुंगीचं दुखणं उलटलं आणि आई तिला घेऊन इस्पितळात राहायला गेली. याच दिवसांत स्ट्रॉबेरीच्या रोपांना दोऱ्यासारखे लांब फुटवे येतात. त्यांच्या टोकांना नवी रोपं धरतात. पुढच्या हंगामासाठी कुठल्या रोपाचे फुटवे ठेवायचे, ते तेव्हाच ठरवावं लागतं. काटेवाला माझ्यासमोर कागद घेऊन बसला. पोरीला सगळ्या जाती सारख्याच छान लागतात, हे त्याने तिच्याच तोंडून ऐकलं होतं. सगळ्यात जास्त ग्रॅम कुठली पोटात गेली, हे मी त्याला दाखवलं होतं. त्याला शंका यायला जागाच राहिली नाही. त्याने अंगणात जाऊन दोन, तीन आणि चार नंबरची रोपं मुळासकट उपटली, कोपऱ्यात ढीग केला आणि सगळा वाफा एक नंबरने भरला. ढीग वाळला तेव्हा पेटवून दिला. त्या दिवशी तो शीळ घालत होता.

आई कपडे न्यायला घरी आली ती अंगणातच थबकली.

"तीन नंबर कुठाय?"

"काढली. जागा खात होती. अगं, सहा ग्रॅमचं फळ ते! ही बघ, पुढच्या वेळी दुप्पट खाईल पोरगी."

"तुम्ही चाखली होती?"

ती आत आली, खाटेवर बसली आणि नाकापुढून हात हलवायला लागली. "ही चिलटं कुठून येतायत?" तिने माझ्या पेटीभोवती पाहिलं, मग मागचा खण ओढला. तो चिकटून बसला होता. जोर लावल्यावर उघडला. आत काळा, बुरसटलेला, वाळून कडक झालेला लगदा होता आणि त्यात अजून ओळखू येणारे मोठ्या फळांचे देठ. एक नंबरचे. माझे सुटे भाग त्या आंबट रसाने हिरवे पडले होते. काटेवाला जवळ आला. त्याने एक देठ उचलून पाहिला, मग दुसरा, मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

"सत्तावन्न ग्रॅम," तो म्हणाला. आई त्याच्यावर चिडणार होती, पण त्याचं तोंड बघून तिला रडू फुटलं.

आठ दिवसांनी मुंगीला घरी आणलं. बापाने खाटेशी स्टूल ओढला आणि किती तरी वेळ पांघरुणाची कडा नीट करत राहिला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस बाळा?"

"तुम्ही असे उभे राहायचात ना," ती म्हणाली, "ताटली धरून, माझ्या तोंडाकडे बघत. मला नाही म्हणवायचं नाही."

"मग आवडायची कुठली?"

"ती बारकी. ती एकटीच खिळ्यासारखी लागायची नाही. ती येईल ना आता परत?"

"येईल की," काटेवाला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने रोपवाटिका गाठली. तीन नंबर तिथून बंद झाली होती. फळ हातात धरलं की पाणी होतं, दुकानदार घेत नाहीत, कशाला ठेवायची, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने काम आठवडाभर बंद ठेवलं आणि मिळेल त्या बागेत, गच्चीत, सज्ज्यात डोकावत फिरला. शेवटी आईलाच आठवलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारे एक निवृत्त बसचालक रोपवाटिकेतून त्या जातीची रोपं घेऊन गेले होते. म्हाताऱ्याने जुन्या बादल्यांत चार रोपं जिवापाड सांभाळली होती. काटेवाल्याचं ऐकून घेतल्यावर त्यांनी त्यातल्या दोन बादल्या उचलून त्याच्या हातात दिल्या. "मी चाखून घेतली होती," ते म्हणाले. "तुम्ही कशी घेतली होती?" घरी येऊन काटेवाल्याने हे जसंच्या तसं सांगितलं.

माझी जागा त्या दोन बादल्यांना मिळाली. खिडकीचं ऊन तिथेच यायचं. मला वरच्या फळीवर सरकवलं. मला वाईट वाटलं नाही. थंडी नुकती लागली होती, फळं धरायला अवकाश होता आणि डॉक्टरीणबाईंनी आता आणखी औषधं नकोत, असं सांगितलं होतं. याचा अर्थ घरात तिघांनाही कळला होता. वजनाचं नाव आता कोणी काढत नव्हतं.

काटेवाला रात्री बादल्या पोत्यात गुंडाळायचा, सकाळी मोकळ्या करायचा. फुलं आली तेव्हा खोलीत मधमाश्या कुठून येणार? मग माझी पारडी झाडायचा तोच कुंचला त्याने घेतला आणि एकेका फुलावरून अलगद फिरवला. मुंगी खाटेवरून सूचना द्यायची, "बाबा, ते खालचं राहिलं." तेवढं बोलूनही तिला धाप लागायची. अकरा फुलांतून तीन फळं धरली. ती लाल व्हायला लागल्यावर त्याचे हात शिवशिवायचे, पण आई बजावायची, "देठाखालचा पांढरा भाग लाल होऊ द्या. त्याआधी हात लावायचा नाही." एका बाजूला फळ पिकत होतं, दुसऱ्या बाजूला मुंगी दिवसातला बराचसा वेळ डोळे मिटून पडलेली असायची. ती शर्यत मी फळीवरून बघत होतो. असले दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत.

एका दुपारी तिन्ही फळं तयार झाली. काटेवाल्याने ती ताटलीत घेतली. सवयीने त्याची नजर फळीकडे वळली, मग त्याने माझ्याकडे पाठ केली. आईने मुंगीला उशांना टेकवून बसवलं.

"खरं सांगायचं हं," बाप म्हणाला. आणि या वेळी तो उभा राहिला नाही. खाटेच्या कडेवर बसला आणि तिचा हात धरला.

मुंगीने एक फळ तोंडात घातलं. बराच वेळ घोळवलं. गिळलं.

"बाबा, खरं सांगू?"

"सांग."

"काहीच लागत नाहीये. खिळापण नाही. काहीच नाही."

आईने पदराने तोंड झाकलं. काटेवाला हलला नाही. "बरं," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंस."

"तुम्ही खा," मुंगी म्हणाली. "आणि मला सांगा."

"मला कुठे कळतं गं त्यातलं?"

"खा ना बाबा."

त्याने फळ तोंडात घातलं. आयुष्यात पहिल्यांदा. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती.

"गोड आहे," तो म्हणाला.

"किती?" तिने विचारलं आणि ती चक्क हसली. बापाचीच फिरकी घेत होती, आईसारखी.

"तसं नाही... थांब. आधी गोड नसतं. आधी वास येतो, नाकात आतून. मग जरासं आंबट, इथे, गालाच्या कडेला. गोड नंतर येतं. उशिरा येतं. आणि गिळलं तरी जात नाही. अजून आहे बघ. अजून आहे."

मुंगीने डोळे मिटले होते. ती मन लावून ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "तीच ती."

मग तिने तिसरं फळही त्यालाच खायला लावलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. नऊ दिवसांनी ती गेली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. काटेवाला अजून काम करतो, पण माझ्यावर त्याने पुन्हा काही तोललं नाही. म्हणून माझी ही दशा. त्याचा मला राग नाही.

मित्रांनो, तोलू नका, असं मी म्हणणार नाही. तोलण्यातच माझा जन्म गेला. पण कधी घरासाठी स्ट्रॉबेरीचं रोप निवडाल, तर आधी फळ तोंडात घाला. आणि दुसऱ्या कोणासाठी निवडत असाल, तर त्याला विचारा. तो 'छान आहे' म्हणाला, तर लगेच ताटली उचलू नका. जवळ बसा. पुन्हा विचारा. त्या घरात सगळं खरं एकट्या मला ठाऊक होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.